ठेवीची खोली

जुन्नर
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय इंदू,

बाजाराच्या दिवशी आपण दोघी ओसरीच्या कडेला पाय सोडून बसायचो, ते आठवतं का? होस्टेलवरून सुट्टीला आलो की पहिले काही दिवस तू मोजे घालूनच बसायचीस. सिस्टर बेनेडिक्टांनी सांगितलं होतं ना, मुलींचे पाय रस्त्यावरून दिसू नयेत. सारजाबाई डोंगरातून उतरून यायच्या, डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आणि पळसाच्या द्रोणात करवंदं घालून म्हणायच्या, "घ्या गं मडमांनो." एकदा तू त्यांना "थँक यू, सारजाबाई" म्हणालीस. त्या इतक्या हसल्या की भिमाजीबाबांना आपल्या बायकोच्या पाठीत थोपटावं लागलं. त्या दिवसापासून तू त्यांची थँक्यूबाई, आणि मी थँक्यूबाईची थोरली. मला अजून त्याच नावाने हाक मारतात.

हे आज आठवण्याचं काही कारण नाही. करवंदांचे दिवसही नाहीत. लिहायचं कारण वेगळं आहे.

अमृतचा फोन आला होता. "मावशी, आईचं म्हणणं तेच आहे," म्हणाला. फार अदबीने बोलतो तुझा मुलगा. तर इंदू, माझी हरकत नाही. घर विकू या.

पुन्हा मागे जाऊन वाचू नकोस. बरोबर वाचलंस.

आप्पांच्या वर्षश्राद्धाला तू माजघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "ताई, तू ह्या घरात राहत नाहीस, तू ह्याची राखण करतेस." आणि चहा तसाच ठेवून बडोद्याला निघून गेलीस. तेव्हा मला राग आला होता. हल्ली येत नाही. राखणदार दमला आहे एवढंच. माकडं कौलं फोडतात, ती बदलून होतात तोवर मागच्या भिंतीला वाळवी लागते. माडीवर मी गणपतीपासून गेलेली नाही. जिन्याच्या पायऱ्या पूर्वीच्या माणसांनी फार उंच केल्यात, दम लागतो.

घराला सध्या दोन मागण्या आहेत, उपवर मुलीसारख्या. एक अवसरी बुद्रुकचा सुनील. खाली दुकानं, वर फ्लॅट काढणार. चपला रस्त्यावर काढून ओसरीवर येतो, हे मला आवडलं. म्हणाला, "मॅडम, तुमचंच नाव देऊ बिल्डिंगला. मोहिनी हाइट्स." मी म्हटलं, "बाबा, माझ्याच्याने साधी माडी चढवत नाही." दुसरी पुण्याची आरती. जुनी घरं वाचवणाऱ्या मंडळींपैकी आहे. आपले खांब, तुळया, चौकातली नक्षी सगळं मापून कागदावर उतरवते. सागवानी खांबावरून असा हात फिरवते की मला खांबाचा हेवा वाटतो. आपण दोघींनी घर पाडणार नाही असं लिहून दिलं, तर तिची मंडळी सगळं छप्पर नवं करून देतील. मी तिला सांगितलं, माझी बहीण असं लिहून देणार नाही, आणि मलाही आता शक्ती नाही.

एकच काम उरतं, ठेवीची खोली. अमृतने विचारलं, "कसली ठेव मावशी, बँकेतली?" तू त्याला काहीच सांगितलं नाहीस वाटतं. मग हे त्याला वाचून दाखव.

अमृत, आपल्या पणज्यांनी पिंपळवंडीहून येऊन हे घर बांधलं ते बाजारासाठी. रस्त्याकडची ओसरी मुद्दाम ऐसपैस ठेवली, कारण पश्चिमेच्या डोंगरातली, आंबेगावच्या खोऱ्यातली माणसं तांदूळ, नाचणी, हिरडा घेऊन आदल्या दिवशी चालत निघायची आणि मुक्कामाला इथे यायची. पुढे ती आपल्या वस्तूही इथे ठेवू लागली. त्यांची घरं गवताने शाकारलेली, वणव्याची भीती. शिवाय पाऊस सरला की घरंच्या घरं कामाला बाहेर पडायची. मग लग्नातलं घंगाळ, समई, देवाचे टाक कुठे ठेवणार? आतल्या खोलीत. चिठ्ठी नाही, सही नाही. बाईने आपल्या लुगड्याची पट्टी फाडून वस्तूला बांधायची, तीच खूण. दिवाळीनंतर एखाद्या बाजाराला येऊन विरलेली पट्टी सोडायची आणि नवी बांधायची. पुढे डिंभ्याचं धरण झालं. पाणी चढू लागलं तशी माणसं उचलता येईल ते घेऊन आली, जाती, नांगर, दारांच्या चौकटीसुद्धा. पुष्कळांनी नंतर नेलं. काहींचं अजून आहे. तुझ्या आजीचा नियम होता: ठेवीला हात लावायचा तो धूळ पुसायला. मागतील तेव्हा द्यायची, आपण होऊन कधी नाही.

सुनील म्हणतो, "भंगारवाला ओळखीचा आहे, एका फेरीत खोली मोकळी." मी म्हटलं, ते नको. मी एकेकाचं घरपोच करीन, मग तू ये.

तुझी होस्टेलची निळी ट्रंकही त्याच खोलीत आहे. लग्न होऊन जाताना "मागवून घेईन" म्हणाली होतीस. आईने तिला तुझ्या युनिफॉर्मची पट्टी बांधली होती, आठवतं?

तुझी,
ताई


जुन्नर
९ जानेवारी २०२४

प्रिय इंदू,

"आईने पत्र वाचलं," असा अमृतचा मेसेज आला. तेवढं पुरे.

काम जवळजवळ संपलं. पिंपळवंडीच्या चुलतभावाचा रामदास त्याचा पिकअप घेऊन आला होता. जातं चढवताना म्हणाला, "आत्या, ह्या जात्यापरीस माझी गाडी हलकी हाय. उलटं करू, गाडी जात्यावर ठिवू." पोटभर हसले. किती दिवसांनी.

जातं ज्यांचं, त्या चिमाबाईंकडे आधी गेलो. धरणानंतर त्यांना खाली कालव्याच्या बाजूला जागा मिळाली होती ना, तिथेच आहेत. पत्र्याचं घर, पण नीटनेटकं. त्यांची नात समृद्धी मंचरला नर्सिंग शिकते, ती घरी होती. रामदासने जातं अंगणात उतरवलं. चिमाबाई दारातून हलल्या नाहीत.

"ताई, म्या मागितलं व्हतं का?"

"नाही चिमाबाई, पण आता आम्ही घर..."

"घराचं ऱ्हाऊ द्या. म्या मागितलं व्हतं का, तेवढं सांगा."

समृद्धीने वेळ सावरून नेली. "आजी, आता आपल्याकडं मिक्सर हाय. जात्यावर टीव्ही ठिवू, उंचावर चांगला दिसंल." रामदास हसला, मी हसले. चिमाबाईंनी जात्याला बांधलेली पट्टी सोडली, हाताने सरळ केली आणि कनवटीला लावली. चहा झाला. चांगला झाला. निघताना "परत या" मात्र म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, वय झालं, विसरल्या असतील.

भिमाजीबाबा वर डोंगरातच आहेत, पाण्याच्या वरच्या अंगाला. त्यांचं तांब्याचं घंगाळ मी चिंचेने घासून लख्ख करून नेलं होतं. ते नुसतं "ठिवा" म्हणाले. सारजाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "थँक्यूबाईची थोरली दमली जणू." मी म्हटलं, "हो, दमले." बिबट्याच्या भीतीने रामदास घाई करत होता, म्हणून फार बसलो नाही.

आरती नाराज आहे. त्या वस्तू खोलीतच ठेवून, प्रत्येकीखाली माहिती लिहून लोकांना दाखवता आल्या असत्या, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, माणसं हयात असताना त्यांच्या जात्याखाली त्यांचं नाव लिहायचं? ती खजील झाली. गुणी मुलगी आहे. परवा मला तिच्या गाडीतून पुण्याला घेऊन गेली. थोडं काम होतं.

खोलीत आता दोन समया, एक नांगर आणि तुझी ट्रंक. समयांच्या आणि नांगराच्या माणसांचा पत्ता काढते आहे. ट्रंक कुरियरने बडोद्याला येऊ शकते, मी चौकशी करून ठेवली आहे. पाठवू का?

तुझी,
ताई


जुन्नर
२६ फेब्रुवारी २०२४

इंदू,

ट्रंक पाठवणार नाही. का ते लिहिते. आज अक्षर जरा वाकडं येतंय, सांभाळून घे. सिस्टर बेनेडिक्टांनी कान धरला असता.

काल बाजार होता. ओसरी रिकामी होती.

महिनाभर असंच चाललं होतं, पण मी स्वतःला समजावत होते. लग्नसराई आहे, कुणाकडे जत्रा आहे, हल्ली जिपा थेट बाजारात जातात. काल मी सकाळपासून माठ भरून, फुलपात्रं उलटी घालून बसले. रस्त्याने डोंगरातली माणसं जात होती. ओळखीची होती. समोरच्या कापड दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी भाकरी सोडली. दुकानदार त्यांना उठवत होता, ती पुढच्या पायरीवर जाऊन बसत होती. आपल्या ओसरीवर कुणी आलं नाही.

दुपारी भिमाजीबाबा गेले. मी उठून हाक मारली, "बाबा, पाणी घेऊन जा."

"प्यालो स्टँडवर," म्हणाले. थांबले नाहीत. छत्री काखेत होती ती दुसऱ्या काखेत घेतली आणि गेले.

तेव्हा मला म्हसोबाच्या वाडीचा तो माणूस आठवला. तुलाही आठवेल, आपण मोठ्या दोरीने उड्या मारत होतो. त्याने आपल्या बायकोला ओसरीवर, सगळ्या बाजारादेखत मारलं. आई स्वयंपाकघरातून आली, ठेवीच्या खोलीत गेली, त्याचं गाठोडं आणि त्याची परात उचलून आणली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. त्याने किती विनवण्या केल्या. पुढे त्या माणसाला ह्या बाजारात कुणी आपल्याजवळ बसू दिलं नाही. आईने आयुष्यात एकदाच, न मागता ठेव परत केली, आणि त्याचा अर्थ साऱ्या खोऱ्याला कळला.

आणि मी पिकअप भरून तेच करत फिरले. घासूनपुसून, चिंच लावून. त्यांच्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

नियम मला पाठ होता गं. मला वाटलं, घरच जातंय म्हटल्यावर त्याचा नियमही गेला. दमलेल्या माणसाला असं काहीतरी सोयीचं सुचतंच.

सुनील खूश आहे. आला होता, "वा मॅडम, सगळं मोकळं केलंत." जाताना 'मोहिनी हाइट्स' रंगवलेली नमुन्याची पाटी माझ्या मांडीवर ठेवून गेला. आरतीही कालच आली होती. मला न विचारताच तिने ओसरीला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाड दोरी बांधली. "मॅडम, येणारेजाणारे बसतात, टेकतात, त्याने कड झिजते. जुनं काम आहे."

मी म्हटलं, "आरती, कोण बसतंय ते मला दाखव."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने दोरी सोडली, पण गुंडाळून तिथेच ठेवली.

एकाला घर पाडायचं आहे, एकीला जपायचं आहे, आणि दोघांनाही ते रिकामं बरं पडतं. मला वाईट ह्याचं वाटतं की रिकामं मी करून दिलं.

सुनीलला अजून काही सांगितलेलं नाही. तू रागावशील, अमृतचा फोन येईल, ते सगळं ठीक आहे. थोडा वेळ दे.

ताई


जुन्नर
१४ मे २०२४

प्रिय इंदू,

काल भिमाजीबाबांकडे जाऊन आले. आरतीने गाडी काढली, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं म्हणून तिने वाटभर तोंड फुगवलं होतं. आपल्या गोळ्या आपण घेतो, डॉक्टरांना कळतंय थोडंच.

घरी सारजाबाई एकट्या होत्या. "म्हातारा घराला गेलाय," म्हणाल्या. मला कळेना. त्यांनी हाताने खाली दाखवलं.

धरणाचं पाणी उतरलं आहे, इंदू. एवढं खाली मी पहिल्यांदा पाहिलं. चिखल वाळून त्याच्या ढपल्या झाल्या आहेत आणि त्यात जुन्या वाडीची जोती दिसतात, गुडघ्याएवढ्या भिंती. दर उन्हाळ्यात पाणी सरलं की माणसं आपापलं घर बघायला उतरतात म्हणे. आपण इतक्या जवळ राहतो, मला हे माहीत नव्हतं.

आरतीचा हात धरून मी उतरले. बाबा एका जोत्यापाशी उभे होते. छप्पर नाही, दार नाही, चार दगडांच्या ओळी. त्यांनी उंबऱ्याच्या जागेबाहेर वहाणा काढल्या, मग आत गेले. आतला गाळ हाताने बाजूला सारून चुलीची जागा मोकळी केली आणि खाली बसले.

मी बाहेरच उभी राहिले. चपला काढल्या. आरतीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ते पांढरे बूट काढले. जमीन तापलेली होती, पण पोरगी तशीच उभी राहिली.

"या," बाबा म्हणाले. "बसायला काय देऊ? पाट वाहून गेला."

मी खाली बसले. मग मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"चुकलं न्हाई म्हनत म्या. पर तुमी आमाला उठिवलंत, ताई. गाव उठलं तवा साहेबलोकांनी उठिवलं. त्येंचं काय, ते कुनाचे? तुमच्या आप्पांनी कदी इचारलं न्हाई, कवा नेताय म्हून. आमाला वाटायचं, हितलं बुडालं, पर जुन्नरात आपलं कायतरी हाय. चार भांडी का हुईनात, हायेत. येका जागी हायेत. आनि तुमी ती दारात आनून टाकली."

"मी फार दमले होते हो बाबा. घर सांभाळवत नाही मला आता. एकटीला नाही सांभाळवत."

त्यावर त्यांनी जे म्हटलं ते तुला जसंच्या तसं लिहिते.

"मग तेवढं सांगायचं व्हतं. मी दमले, तुमचं तुमी मागून घ्या. आमी मागितलं असतं. येका बाजारात सगळ्यांनी मागितलं असतं. येऊन, पानी पिऊन, पट्टी सोडून घेऊन गेलो असतो. घर ईकायचं तर ईका, आमचं काय म्हननं हाय त्यात. मानूस दमतंच."

इतकं सोपं होतं. सांगायचं होतं.

मला रडू आलं. बाबा गाळात बोटाने रेघा ओढत बसले, मग आरतीला म्हणाले, "पावनं, तुमी घरं मापता म्हनं. ह्ये मापा की. फुडल्या महिन्यात ऱ्हायचं न्हाई."

आरतीने खरंच टेप काढली. बाबांनी दुसरं टोक धरलं. हे माजघर, हा गोठा, हितं आमची म्हातारी बसायची, असं सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी चुलीजवळ बसून पाहत होते. वर येताना दोनदा थांबावं लागलं मला. सारजाबाईंनी पाणी दिलं. करवंदंही दिली. प्लास्टिकच्या वाटीत, पण दिली. मी "थँक यू" म्हटलं. त्या हसल्या नाहीत, नुसता माझा गाल चाचपला.

ताई


जुन्नर
३ जून २०२४

प्रिय इंदू,

काल बाजार होता. मी आतल्या खोलीत पडले होते. ओसरीवर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला. उठून जाईपर्यंत वेळ लागला. पाहते तर भिमाजीबाबा कडेला पाय सोडून बसलेले आणि शेजारी घंगाळ. त्याला हिरवी नवी पट्टी.

"ठिवून जातो," म्हणाले. "वर माकडं लई झालीत."

तांब्याच्या घंगाळाला माकडांची काय भीती? मी विचारलं नाही. "ठेवा," म्हटलं. आईसारखं.

तासाभराने समृद्धी रिक्षातून जातं घेऊन आली. "आजीनं पाठवलं. टीव्ही बसंना त्याच्यावर." रिक्षावाला घामाघूम झालेला, बाजारातल्या लोकांनी जातं आत उचलून ठेवलं. मग ओसरी भरायला लागली. माणसांनी भाकरी सोडल्या, माठ रिकामा केला, पुन्हा भरला. सुनीलही नेमका तेव्हाच आला. त्याला चपला काढायला जागा मिळेना. गर्दीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, आता आम्ही काय समजायचं?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला विचार."

तर आता तुला सांगते. मी हे आधीच्या पत्रांत लिहिलं नाही, तू उगीच येशील किंवा उगीच येणार नाहीस, दोन्हीची भीती वाटली. माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डिसेंबरपासून ठाऊक होतं. पुढच्या सोमवारी पुण्याला दाखल व्हायचं आहे. डॉक्टर म्हणतात, हल्ली हे रोजच करतात. रोज करणाऱ्यांसाठी असेल.

मी तुझ्यावर घर लादत नाही. तुझी विकायची इच्छा होती, ती वाईट नव्हती. तू बरोबर ओळखलं होतंस, मी इथे राहिलेच नाही, राखण केली. पण माझा अर्धा हिस्सा मी तुझ्या नावे करून दिला आहे, वकिलांकडे कागद तयार आहे. तो मी तुला दिलेला नाही, इंदू. तुझ्याकडे ठेवला आहे. मुख्य दाराच्या कडीला माझ्या राखाडी साडीची पट्टी बांधली आहे. ठेवीचं काय करायचं असतं ते तुला आईने माझ्याइतकंच शिकवलंय. मी मागेपर्यंत राहू दे. मी मागेन की नाही, ते सोमवारनंतर कळेल.

आणि तुलाही राखण जमेनाशी झाली तर बाबांनी सांगितलं तेच कर. बाजाराच्या दिवशी ओसरीवर उभी राहून सांग, मी दमले, तुमचं तुम्ही मागून घ्या. ती माणसं मागून नेतील. त्यानंतर तू मोकळी. मग सुनीलला बोलावलंस तरी माझा जीव तुटणार नाही.

बाकीचं.

माझं शिवणयंत्र समृद्धीला. तिने हसत हसत मागितलं होतं, मी हसत हसत हो म्हटलं होतं, ते खरं करायचं.

आप्पांची आरामखुर्ची आरतीला. भिंती मापून झाल्या की ती त्यातच टेकते. तिची दोरीही ओसरीच्या कोनाड्यात आहे, तिला परत द्यावी. छपराचं तिला काय लिहून द्यायचं ते आता एकट्या तुझ्या हातात आहे. तिने बाबांच्या जोत्याचा मोठा नकाशा काढून माजघरात लावलाय, तो तिथून हलवायचा नाही.

पितळी पानदान रामदासला. पान खात नाही, पण लहानपणी त्याच्यावर ताल धरायचा.

'मोहिनी हाइट्स'ची पाटी सुनीलला. रंग छान लागलाय, मागची बाजू वापरता येईल.

सिस्टरांनी बक्षीस दिलेली माझी पुस्तकं आणि माठाजवळची फुलपात्रं अमृतला. पुस्तकं वाचली नाहीत तरी चालेल, फुलपात्रं मात्र बाजाराच्या दिवशी उलटी घालायला शिकव.

दाराची किल्ली सारजाबाईंकडे. त्यांच्याकडे कुलूप नाही, त्यामुळे हरवणार नाही.

दोन समया आणि नांगराची माणसं अजून सापडलेली नाहीत. त्या वस्तू आहेत तिथेच राहतील. धूळ पुसायची.

निळी ट्रंक कुणालाच द्यायची नाही. कुरियरवाल्यालाही नाही. आईने बांधलेली पट्टी पार विरली आहे, काल हात लावला तर दोऱ्यांचा भुगा झाला. समृद्धी म्हणाली, "मावशी, मी बांधू का नवी?" मी नको म्हटलं. नवी पट्टी बांधायला मालकालाच यावं लागतं.

तुझी,
ताई